दुखण्यातले भागीदार

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी आपल्या घरांतून तीन निरनिराळ्या गोष्टी होतात. व्यापारी तिजोरीला हळदकुंकू वाहतो. वैद्य धन्वंतरीची पूजा करून धने-गुळाचा नैवेद्य दाखवतो. आणि घरची बाई कणकेचा दिवा लावून त्याची ज्योत दक्षिणेकडे करून ठेवते, की यमाने अवेळी इकडे फिरकू नये. धन, औषध आणि अपमृत्यू या तिघांना एकाच तिथीवर आणून बसवणारे आपले पूर्वज मोठे अनुभवी असले पाहिजेत. ज्या घरात कुणी अंथरुणाला खिळले आहे, त्या घराला या तिघांचे नाते समजावून सांगावे लागत नाही.

त्या नात्याविषयीच मला थोडे बोलायचे आहे. फराळाच्या ताटाशी दुखण्याचा विषय काढणे शिष्टसंमत नव्हे, हे मी जाणतो. पण एरवी हा विषय निघतो तो इस्पितळाच्या पायरीवर, आणि तेथे शांतपणे विचार करण्याची उसंत कोणाला असते?

देशातील आरोग्याची व्यवस्था सुधारावी कशी, यावर बोलणाऱ्यांचे दोन तट आहेत. एक तट म्हणतो, जर्मनीने, जपानने, विलायतेने हा प्रश्न केव्हाच सोडवला. त्यांचा कित्ता समोर ठेवा आणि गिरवा. दुसरा म्हणतो, परक्याचा अंगरखा आपल्या अंगाला होत नाही. आपल्याकडे नातेगोते आहे, धर्मादाय आहे, अडीअडचणीला धावणारा शेजार आहे. आमच्या शाळेत मधल्या सुट्टीत हे दोन्ही तट एकाच किटलीतला चहा पितात आणि घंटा होईपर्यंत भांडतात. मी काही अर्थशास्त्री नव्हे. मुलांना त्रैराशिक आणि सरळव्याज शिकवणारा, आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारा माणूस. परंतु दोन्ही बाजू ऐकता ऐकता मला असे वाटू लागले आहे, की हे भांडण देशी-परदेशीचे मुळी नाहीच. ‘विमा’ या एका शब्दाच्या पोटात दोन अगदी वेगळ्या वस्तू आहेत, आणि त्यांतली कोणती आपण मागत आहोत हेच ठरवायचे राहून गेले आहे.

जर्मनीची गोष्ट घ्या. १८८३ साली बिस्मार्कने कामगारांसाठी आजारपणाच्या विम्याचा कायदा केला. बिस्मार्क हा काही संत नव्हता. समाजवाद्यांवर बंदी घालणारा कायदा त्याच्याच राजवटीत पाच वर्षांपूर्वी झाला होता. कामगारांची मने तिकडे वळू नयेत म्हणून त्याने हा गोड घास पुढे केला. पण हेतू काहीही असो, घास खरा होता. वर्गणीचा दोनतृतीयांश वाटा कामगाराचा आणि एकतृतीयांश मालकाचा. आणि कामगार आजारी पडला तर औषधपाणी व तेरा आठवड्यांपर्यंत मजुरीचा काही भाग पेटीतून मिळे. आपल्याकडचे स्तुतिपाठक एवढे सांगून थांबतात. ते सांगत नाहीत ते असे, की बिस्मार्कने हे कोऱ्या पाटीवर लिहिले नव्हते. खाणकामगारांच्या आणि कारागिरांच्या मदतपेट्या जर्मनीत कित्येक पिढ्या चालत आल्या होत्या. एकाच खाणीत उतरणारी माणसे ती. आज तुझा पाय दगडाखाली सापडला, उद्या माझा सापडेल, हे त्यांना कुणी व्याख्यान देऊन शिकवले नव्हते. सरकारने त्या जुन्या पेट्यांना कायद्याची कडी घातली आणि नव्या पेट्या काढल्या. आणि या पेट्यांतली वर्गणी आजही पगाराच्या प्रमाणात असते. ज्याला दमा आहे त्याला अधिक आणि जो पैलवान आहे त्याला कमी, असा हिशेब तेथे नाही.

आता अमेरिकेकडे वळू. तेथील इस्पितळाच्या विम्याची सुरुवात, वाचकांना नवल वाटेल, शाळामास्तरांपासून झाली. डॅलस शहरातील बेलर विद्यापीठाच्या इस्पितळांचा कारभार जस्टिन किंबल या गृहस्थांकडे आला. हे पूर्वी त्याच शहरातील शाळांचे प्रमुख होते. इस्पितळाच्या वहीत थकलेली बिले पाहताना त्यांना ओळखीची नावे दिसू लागली. ती सगळी शिक्षकांची होती. तेव्हा १९२९ साली त्यांनी योजना काढली, की प्रत्येक शिक्षकाने महिन्याला अर्धा डॉलर भरावा आणि गरज पडल्यास एकवीस दिवस इस्पितळात राहावे. हजारावर शिक्षक त्यात आले. नुकती नोकरीला लागलेली तरुण बाई आणि निवृत्तीला टेकलेले मास्तर, दोघांचाही हप्ता एकच. याच रोपट्याचे पुढे ‘ब्लू क्रॉस’ नावाचे मोठे झाड झाले.

म्हणजे मूळ दोन्हीकडे सारखेच. मग पुढे फरक कसा पडला? अमेरिकेत या झाडाची सावली पाहून विमा कंपन्या आल्या. त्यांच्याजवळ कोष्टके होती. त्यांनी धडधाकट माणसांचे गट बाजूला घेऊन सांगितले, ‘तुम्ही म्हाताऱ्याकोताऱ्यांचे ओझे कशाला वाहता? तुमचा हप्ता आम्ही कमी करून देतो.’ धडधाकट निघून गेले. पेटीत राहिले ते दुखणाईत. म्हणून हप्ता वाढला. हप्ता वाढला तसे उरलेल्यांतले धडधाकट गेले. यात कुणी चोरी केली नाही, कुणी खोटे बोलले नाही. जो तो आपला फायदा पाहत गेला आणि पेटी फुटली. अखेर १९६५ साली वृद्धांसाठी आणि गरिबांसाठी सरकारला निराळ्या योजना कराव्या लागल्या; २०१० साली, आधीपासून आजार आहे एवढ्याच कारणावरून कुणाला विमा नाकारता येऊ नये, असा कायदा करावा लागला. एवढे करूनही २०२३ साली त्या धनाढ्य देशात अडीच कोटींवर माणसे विम्यावाचून होती, आणि राष्ट्रीय उत्पन्नाचा शेकडा सतरांहून अधिक भाग आरोग्यावर खर्च होत होता. आमच्या आळीतला एक मुलगा न्यू जर्सीला असतो. तो दोन वर्षांनी सुट्टीवर येतो आणि येथल्या डॉक्टरकडून दात दुरुस्त करून जातो. आई म्हणते, मुलगा भेटायला आला. वडील म्हणतात, दात भेटायला आले.

तेव्हा विम्याच्या त्या दोन वस्तू अशा. एक पेटी माणसाला विचारते, ‘तू आजारी पडण्याचा संभव किती?’ दुसरी विचारते, ‘तुला देणे कितपत जमेल?’ पहिलीत मी माझ्या धोक्याची किंमत भरतो. दुसरीत मी माझ्या ऐपतीचा वाटा टाकतो, आणि गरज माझी निघो की तुझी, पेटी उघडते. पहिली पेटी म्हणजे व्यापार. आणि व्यापार काही वाईट नव्हे, जहाजाचा आणि गोदामाचा विमा असाच असतो व असाच असावा. पण गोदामाला लाज वाटत नाही आणि ते जन्मतः हृदयाला छिद्र घेऊन येत नाही.

येथे आमच्याच शिक्षकांच्या खोलीतले एक वडीलधारे सहकारी माझा हात धरतात. हे गृहस्थ पहाटे पाचला उठून चार मैल चालतात, चहा बिनसाखरेचा, विडीला उभ्या आयुष्यात शिवले नाहीत. ते म्हणतात, ‘मास्तर, मी शरीर सांभाळायचे आणि वर्गणी भरायची ती दारू पिऊन यकृत नासवणाऱ्यासाठी? आणि तीही सक्तीची? दान स्वखुशीचे असते. सक्तीने घेतले तो दंड.’

हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. परदेशी योजनांच्या भाषांतरांत त्याला उत्तर सापडत नाही, कारण तो योजनेवरचा आक्षेपच नाही. आपण एकमेकांचे कोण लागतो, हा तो प्रश्न आहे. माझे म्हणणे असे, की चालणाऱ्या गृहस्थांचे आरोग्य हे सगळे त्यांचे एकट्याचे कर्तृत्व नव्हे. त्यांच्या चेहऱ्यावर देवीचा एक व्रण नाही. तो का नाही? लहानपणी त्यांना टोचले म्हणून, आणि ज्या दारुड्याचा त्यांना राग येतो त्याच्या झोपडीत जाऊनही कुणी तरी त्याला टोचले म्हणून. १९७५ नंतर या देशात देवीचा रोगी सापडला नाही तो प्रत्येकाने आपापली काळजी घेतल्याने नव्हे. नळाचे पाणी, गटार, डासांचा बंदोबस्त, सुइणीऐवजी आलेली शिकलेली नर्स या सगळ्यांत गावाची वर्गणी पडलेली आहे. ती न मोजता केवळ आपल्या चार मैलांचा जमाखर्च मांडणे हे त्रैराशिकात पहिली संख्या सोडून देण्यासारखे आहे. शिवाय दारूमुळे नासलेल्या एका यकृतामागे साप चावलेली, विहिरीत दूषित पाणी उतरल्याने कावीळ झालेली, सिमेंटच्या धुळीने फुप्फुस भरलेली किती माणसे असतात! दारूवर, तंबाखूवर कर जबर घ्यावा. त्यात मी सहकाऱ्यांच्या बाजूचा आहे. मात्र इस्पितळाच्या दाराशी चारित्र्याचा दाखला तपासायला कुणाला बसवणार? मला बसवलेत तर मी पहिल्याच दिवशी राजीनामा देईन.

आता आपल्याकडे येऊ. गंमत अशी की भारताने या प्रश्नाचा विचार स्वातंत्र्यापूर्वीच केला होता, आणि तो करणाऱ्या समितीचे अध्यक्ष आपल्या नाशिकला जन्मलेले, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेले सर जोसेफ भोर होते. ही समिती १९४३ साली नेमली गेली. १९४६ साली तिचा अहवाल आला. पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कुणीही पुरेशा उपचारांवाचून राहू नये, हे तिचे पहिले तत्त्व. तिने कागदी कार्डांपासून सुरुवात केली नाही, दवाखान्यांपासून केली: आरंभी चाळीस हजार लोकवस्तीला एक प्राथमिक आरोग्य केंद्र, रोग होण्याआधी तो टाळण्याची सोय, आणि अधिक लक्ष खेड्यांकडे. त्याच सुमारास विलायतेतही असाच विचार चालू होता. तेथील १९११ च्या विम्यात कामगार चार पेन्स, मालक तीन आणि सरकार दोन अशी वर्गणी होती. पण तो विमा कामगारापुरता, त्याची बायकामुले बाहेरच. म्हणून ५ जुलै १९४८ पासून त्यांनी बहुतांशी करांच्या पैशातून सर्वांसाठी आरोग्यसेवा सुरू केली. ती आणणारे मंत्री अनायरिन बेव्हन हे स्वतः पोरवयात खाणीत राबलेले, आणि त्यांच्या ट्रेडेगर गावात खाणकामगारांनी वर्गणीवर चालवलेला वैद्यकीय मदतसंघ त्यांनी डोळ्यांनी पाहिलेला. पुन्हा खाण! अंधारात एकत्र काम करणाऱ्यांना हे शहाणपण लवकर सुचते असे दिसते.

आपण जर्मन धर्तीचा विमाही आणून पाहिला. कामगार राज्य विम्याचा कायदा १९४८ चा. योजना १९५२ साली कानपूर आणि दिल्लीत सुरू झाली. मालक व कामगार दोघांचा वाटा, पगारातूनच कापलेला. पण येथे खरोखरच अंगरखा अंगाला झाला नाही, आणि तो परका होता म्हणून नव्हे. तो पगारपत्रकाच्या मापाने शिवलेला होता आणि आपल्या देशात काम करणाऱ्या दहा माणसांतल्या जवळजवळ नऊजणांना पगारपत्रक म्हणजे काय ते ठाऊक नाही. शेतमजुराच्या, हमालाच्या, भांडी घासणाऱ्या बाईच्या कमाईतून वर्गणी कापणार कोण आणि कोठून? परदेशी योजना जोखण्याचे हे माप मला पटते. ती कोणत्या देशाची हे न विचारता, ती चालण्यासाठी आधी काय असावे लागते ते विचारावे, आणि ते आपल्यापाशी आहे की नाही ते पाहावे.

त्यानंतर आली कार्डे. २००८ साली गरिबांसाठी तीस हजार रुपयांपर्यंतचे कार्ड आले. २०१२ मध्ये महाराष्ट्राने आठ जिल्ह्यांत जीवनदायी योजना सुरू केली, जिला २०१७ पासून महात्मा जोतिराव फुल्यांचे नाव आहे. आणि २०१८ साली देशभरासाठी कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांची योजना आली. या योजनांना नावे ठेवणे सोपे आहे, पण मी ती ठेवणार नाही. ज्यांना हृदयाची शस्त्रक्रिया म्हणजे श्रीमंतांचे चोचले वाटत, त्यांची मुले या कार्डांवर शस्त्रक्रिया होऊन शाळेत परत आलेली मी वर्गात पाहिली आहेत. एकूण आरोग्यखर्चात लोकांनी थेट खिशातून भरलेला भाग सरकारी हिशेबाप्रमाणे २०१३-१४ साली शेकडा ६४ होता, तो २०२१-२२ साली ३९ वर आला. ही काही लहान गोष्ट नव्हे. पण ३९ म्हणजेही शंभरातले ३९, आणि हे पैसे बहुतेक जातात ते गोळ्या-औषधांत आणि बाहेरच्या बाहेर दाखवण्यात.

त्याचे कारण या कार्डांच्या घडणीतच आहे. आमच्या शाळेत मुलांची खिचडी शिजवणाऱ्या एक बाई आहेत. त्यांच्या नवऱ्याला मधुमेह. कार्ड घरात होते, प्लास्टिकच्या पिशवीत घालून देवाच्या फोटोमागे जपून ठेवलेले. पण रोजच्या गोळ्यांना कार्ड चालत नाही. त्यासाठी खाटेवर दाखल व्हावे लागते. सरकारी केंद्रात गोळ्या फुकट मिळत, पण कधी असत, कधी नसत. आणि नसत तेव्हा बाई दुकानातून पंधरा दिवसांच्या आणून महिनाभर पुरवत. मग पायाला जखम झाली. मलमपट्टीला रोज जायचे म्हणजे नवऱ्याची मजुरी बुडते, वर रिक्षाचे भाडे. म्हणून घरीच हळद दाबली. शेवटी पाय काळा पडला तेव्हा त्यांना शहरातल्या इस्पितळात नेले. तेथे कार्ड चालले. पाय गुडघ्याखाली कापला, आणि बाईंना एक पैसा भरावा लागला नाही. ‘सगळं फुकटात झालं बघा, मास्तर,’ असे त्या मला म्हणाल्या, आणि त्यांच्या स्वरात खरोखर कृतज्ञता होती. त्या कृतज्ञतेचे काय करावे ते मला अद्याप उमगलेले नाही. काही रुपयांच्या गोळ्यांना पेटी बंद आणि पाय कापायला उघडी, असा नियम कुणा दुष्टाने केलेला नाही. मोठा खर्च हा धोका आणि लहान खर्च ही ज्याची त्याची बाब, ही पहिल्या पेटीची रीत. ती दुसऱ्या पेटीत नकळत शिरली आहे. जहाज बुडाल्यावर भरपाई देणाऱ्याला रोज फटीत डांबर भरण्याशी कर्तव्य नसते.

थायलंड फार श्रीमंत नव्हता तेव्हा त्याने हे कसे केले, ते पाहण्यासारखे आहे. २००१ साली त्यांनी तीस बाट घेऊन कोणताही उपचार, अशी योजना आणली. २००२ साली तिचा कायदा झाला. आपल्याकडे तिचे कौतुक होते ते त्या तीस बाटांसाठी. पण त्याआधीची वीस-तीस वर्षे त्यांनी काय केले? नव्या डॉक्टरांना काही वर्षे सरकारी सेवा सक्तीची केली, आणि १९८० नंतरच्या काही वर्षांत शहरांतील मोठ्या इस्पितळांच्या बांधकामाचा पैसा थांबवून तो तालुक्यांच्या दवाखान्यांकडे वळवला. शहरचा नळ बंद करून खेड्याकडे पाणी सोडायचे, हे धैर्य कुठल्याही विमापत्रकात लिहून येत नाही. तीस बाट ही शेवटची वीट होती. आपण तिला पाया समजतो. आपले सरकार, केंद्राचे आणि राज्यांचे मिळून, २०२१-२२ साली राष्ट्रीय उत्पन्नाच्या शेकडा दोन टक्केही आरोग्यावर खर्च करत नव्हते. २०१७ च्या धोरणाने २०२५ पर्यंत अडीच टक्क्यांचा शब्द दिला होता.

आणि आता ज्यांना सगळे परके वाटते, त्यांना मी वर्ध्याला नेतो. सेवाग्रामच्या कस्तुरबा इस्पितळाने आसपासच्या खेड्यांसाठी एक विमा चालवला, त्याला चार दशकांहून अधिक काळ झाला. सुगी झाली की गावकऱ्यांनी वर्गणी द्यायची ती ज्वारीची. ज्याची जमीन अधिक, त्याची ज्वारी अधिक, भूमिहीनाची थोडी. एकटादुकटा येऊन चालत नसे. गावातल्या बऱ्याचशा घरांनी मिळून यायचे, म्हणजे केवळ आजारी असलेले तेवढे आत आणि बाकीचे बाहेर असे होऊ नये. आणि गावातच औषधाची लहान पेटी घेऊन एक आरोग्यसेवक, म्हणजे रोजचे डांबर रोज भरले जावे. डॅलसमध्ये जे फुटले ते येथे का फुटू नये, याची तजवीज त्या ज्वारीच्या पायलीत केलेली होती. जपानमध्ये, फुकुओकाच्या बाजूच्या काही खेड्यांत, शंभराहून अधिक वर्षांपूर्वी लोक असेच तांदूळ गोळा करून गावचा वैद्य ठेवीत. १९६१ साली जपानने सर्व नागरिकांना विम्याखाली आणले तेव्हा त्या तांदळाची आठवण कुणाला तरी असणार. आपल्या बाराबलुतेदारांत सुतार होता, लोहार होता, न्हावी होता. वैद्याला मात्र खळ्यावरचा वाटा नव्हता. सेवाग्रामने तो उशिरा का होईना दिला.

अर्थात अडचण येथेच आहे, आणि ती मी लपवणार नाही. ज्वारी देणारा आणि तिच्यावर औषध घेणारा एकमेकांना नावाने ओळखत होते. खाणीतही तसेच. एकशेचाळीस कोटी माणसे एकमेकांना नावाने ओळखू शकत नाहीत. माझी वर्गणी गडचिरोलीच्या बाळंतिणीला पोचते आणि धारावीच्या शिंप्याची माझ्या म्हातारपणाला, हे दिसायचे कसे? जे दिसत नाही ते द्यायला माणूस कुरकुरतो, आणि ज्याचा हिशेब मिळत नाही ते मागायला लाजतो. खिचडीवाल्या बाई साबण घेतात, चप्पल घेतात, त्यावर कर भरतात. पण इस्पितळात त्या हात जोडून उभ्या राहतात, वाटेकरी म्हणून उभ्या राहत नाहीत.

हे सगळे मी एकदा आमच्या चालणाऱ्या सहकाऱ्यांना ऐकवले. ज्वारीच्या गोष्टीवर ते थोडे विरघळले. मग मी त्यांना विचारले, की तुम्ही आजवर एक दाणाही दिला नाही असे कशावरून समजता? २०१८ पासून प्राप्तिकरावर शेकडा चार उपकर आहे, त्याचे नाव काय? त्यांनी कपाटातून २०१९ सालचा फॉर्म नंबर सोळा काढला, चष्मा लावला आणि ओळ शोधली. ‘आरोग्य व शिक्षण उपकर,’ त्यांनी मोठ्याने वाचले. त्यापुढचा आकडा त्यांनी दोनदा पाहिला. मग बोट तसेच ओळीवर ठेवून म्हणाले, ‘दोन्ही एकत्रच? मग यातले दवाखान्याचे किती आणि आपल्या शाळेचे किती, हे मला कोण सांगणार?’